खुर्चीवरची वाळू

कुवेतहून परत आल्यापासून भेटेल तो मला दोनच गोष्टी विचारतो. तिथे पाणी मिळतं का, आणि वाळूशिवाय बघण्यासारखं आहे काय. पाणी मिळतं. समुद्राचं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून ते करतात, आणि ते इतकं बेचव असतं की पहिले चार दिवस मला चहा प्यायल्यासारखं वाटलंच नाही. वाळूचं मात्र एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. मी सत्तावीस वर्षं मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवलं. भूतबीत काही नसतं, असं वर्गात ठणकावून सांगणाऱ्यांपैकी मी एक होते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला हळवी म्हातारी समजू नये.

आमचा श्रीधर तिथल्या तेल कंपनीत नकाशे काढण्याच्या कामावर आहे. त्याचे वडील गेल्याला दोन वर्षं झाली, मीही शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा साठ सालच्या मार्चमध्ये त्याने मला बोलावून घेतलं. बोटीचे नऊ दिवस मी उलट्या करण्यात घालवले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कुवेतच्या धक्क्यावर मात्र माझी ट्रंक उघडून एका अधिकाऱ्याने मेतकुटाच्या डब्यात नाक खुपसलं आणि त्याला एकामागून एक शिंका आल्या. त्याने हात हलवूनच मला जायला सांगितलं. कुळथाचं पीठ, आमसुलं, पोह्याचे पापड असं सगळं त्या शिंकांच्या आड सुखरूप पार झालं.

अहमदी

कंपनीचं गाव म्हणजे अहमदी. चारी बाजूंना उघडं वाळवंट आणि मध्ये साहेबाने आपलं विलायतेचं गाव आणून ठेवलेलं. ओळीने बंगले, पुढे हिरवळ, कातरलेली कुंपणं, नेमाने फिरणारी पाण्याची गाडी. रस्त्यावर चिटपाखरू नाही. लांब क्षितिजावर तेलाच्या विहिरींचा वायू भर दुपारी जळत असतो, पण त्याचा आवाज इथवर पोचत नाही. मला ते सारं फार स्वच्छ आणि थोडं भीतिदायक वाटलं. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आल्यापासून मी कावळ्याचा आवाज ऐकलेला नाही. श्रीधरला विचारलं तर म्हणाला, "आई, इथे कावळे नाहीतच."

कावळा नाही म्हणजे इथे मेलेल्या माणसाचं समजायचं कसं, असं माझ्या मनात आलं. आमच्या ह्यांच्या दहाव्याला पिंडावरून हात काढायच्या आत कावळा शिवला होता. सगळे म्हणाले, भाग्यवान माणूस, कशातच जीव अडकला नव्हता. मीही मान डोलावली होती. घरी येऊन अंथरुणावर पडल्यावर मात्र मला उगाच रडू आलं होतं. कशातच अडकला नाही, म्हणजे माझ्यातही नाही. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही.

चौथ्या दिवशी मी कुळथाचं पिठलं केलं. फोडणी बसते न बसते तोच दारातून आवाज आला, "कोन हाय हितं कोकनातला?" बघते तर सायकल धरून एक पन्नाशीचा माणूस उभा. पांढरी दाढी, अंगात खाकी सदरा, हँडलला माशांची पिशवी. हे हसनमियां. दापोलीकडचे. पलीकडच्या ओळीत वॉरनबाईंकडे खानसामा. त्यांना आत बोलावून पिठलं-भात वाढला. जेवताना ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि मग बोलायला लागले ते संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत.

साहेब लोकांच्या खाण्याची हकिगत त्यांनीच मला सांगितली. ह्या लोकांना इथे पैसा आहे, नोकर आहेत, पण जिभेला सुख नाही. धुरावलेले हेरिंग मासे, पार्सनिप नावाचं पांढरं गाजर, ताजी साय, त्यांच्या गावचं चीज, ह्यांतलं काही मिळत नाही. मिळालं तर डब्यातलं. मडमा एकत्र जमल्या की नव्या सासुरवाशिणींनी माहेरचं सांगावं तसं एकमेकींना पदार्थांचं सांगत बसतात. मग हसनमियां त्यांना नकला करून घालत. बांगडा नारळाच्या सोडणांवर धुरवून हेरिंग, पांढरा मुळा लोण्यात परतून पार्सनिप, खजूर कुटून नाताळचं पुडिंग. "खातात आनि डोले मिटतात," हसनमियां म्हणाले. "मना लाज वाटते, बाय. पन त्येंना बरा वाटतं."

गंमत म्हणजे इतक्या जणांना घरची चव दाखवणाऱ्या ह्या माणसाला स्वतःला मात्र घरी जाता येत नव्हतं. मुलगी रुकय्या लग्नाची, मुलगा बघून ठेवलेला, निकाहाची तारीख दोनदा पुढे ढकललेली. बाई सोडत नाही का, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, बाई सोडते, साहेब सोडत नाही. साहेबांना जाऊन चार वर्षं झाली आहेत, हे मला श्रीधरने नंतर सांगितलं.

वॉरनबाईंचा चहा

नवरा गेल्यावर कंपनीने वॉरनबाईंना ग्रंथालयात काम दिलं होतं आणि बंगलाही राहू दिला होता. श्रीधरबरोबर मी तिथे पुस्तक आणायला गेले. मी शाळेत स्वयंपाक शिकवत असे हे कळल्यावर बाईंनी मला दुसऱ्या दिवशी चहाला बोलावलं. उंच, हडकुळ्या, केस घट्ट बांधलेले. माझं इंग्रजी शाळेतलं, पण त्या सावकाश बोलत.

टेबलावर तीन बशा मांडल्या होत्या. एक माझी, एक बाईंची, आणि समोरच्या खुर्चीपुढे तिसरी. आणखी कोण येणार आहे, हे विचारण्याइतकी मी अडाणी नव्हते. बाई दूध आणायला आत गेल्या. हसनमियां आले, माझ्यादेखत त्यांनी ती तिसरी खुर्ची फडक्याने स्वच्छ पुसली, फडकं मला दाखवलं आणि निघून गेले. खिडक्या बंद होत्या, फटींत ओली फडकी कोंबलेली होती, बाहेर पानही हलत नव्हतं. मी भिंतीवरचं चित्र बघायला उठले. कुणी तरी रंगवलेलं एक झाड होतं, खाली रूबार्ब असं नाव, जाड देठं, बुडाशी गुलाबी आणि वर हिरवी होत गेलेली. परत वळले तर त्या खुर्चीवर वाळू होती. चाळणीतून पडावी तशी बारीक, किंचित तांबूस, आणि तिच्या मध्ये कुणी बसल्यावर पडावा तसा खळगा.

बाई दूध घेऊन आल्या, त्यांनी खुर्चीकडे बघितलं आणि मान जरा लववली. मग त्या रूबार्बबद्दल बोलू लागल्या. त्या चित्रातलं झाड नवऱ्याच्या, हॅरीच्या, आईच्या परसातलं. आंबट देठं साखरेत शिजवून, वर पिठाची पारी लावून भाजायची, कस्टर्ड घालून खायची. हॅरीला दुसरं काही नको असे. डब्यातला रूबार्ब त्याने कधी रूबार्ब मानला नाही. त्या सगळं असं सांगत होत्या की जणू हॅरी ते ऐकतो आहे. मी त्या खुर्चीकडे न बघता चहा संपवला.

हसनमियां मला घरापर्यंत पोचवायला आले आणि वाटेत त्यांनी मन मोकळं केलं. चार वर्षांपूर्वी साहेब वाळवंटात पाहणीला निघाले होते. निघताना रूबार्बच हवा म्हणून हट्ट धरला. हसनमियांनी कैरीच्या फोडींना लाल रंग लावला, वर पारी लावून भाजल्या आणि खरा आहे म्हणून शपथ घेतली. "साहेब येक घास खाल्ला नि हसला. बोलला, हसन, हा आंबा हाय. खरा मिलंल तवर मी रोज चार वाजता येऊन बघनार." साहेब जे गेले ते गेलेच. तीन दिवसांनी गाडी सापडली, माणूस सापडला नाही.

"आमच्यात मयताच्या आवडीचं करून फातिहा देतात," हसनमियां म्हणाले. "तुमच्यात कावला. ह्येंच्यात कायच नाय. शेवटच्या घासाला मी त्येला खोटा वाढलाव. त्येला उपाशी सोडून मी पोरीचा निकाह कसा करू?"

मी त्यांना म्हटलं, हा सगळा मनाचा खेळ आहे. पण माझा आवाज वर्गातल्यासारखा लागला नाही.

जहरा

पुढच्या शुक्रवारी श्रीधरने मला जहराला नेलं. तिथे विहिरी आहेत, खजुराच्या बागा आहेत, मातीचा जुना किल्ला आहे, आणि हिरवी भाजी बघून डोळे निवतात. त्याच्या ओळखीचा मालवणी ड्रायव्हर आमच्याबरोबर होता. वॉरनसाहेबांची गाडी शोधायला गेलेल्यांत तो होता. त्याला मी ती जागा दाखवायला लावली. श्रीधर वैतागला, पण आईपुढे त्याचं काही चालत नाही.

जहराच्या पलीकडे तासभर गेल्यावर ड्रायव्हरने गाडी थांबवली. तिथे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. सपाट जमीन, चारी दिशांना सारखीच. साहेबांच्या गाडीचं दार उघडं होतं, ड्रायव्हर म्हणाला, डबा न उघडलेला, पाण्याची बाटली भरलेली. पावलं दाराशी सुरू होऊन वीस-पंचवीस हातांवर संपली होती. पुढे कुठे वळलेली नव्हती. वाऱ्याने पुढची पुसली म्हणावं तर दाराजवळची तेवढी कशी राहिली, हे कुणालाच सांगता आलं नाही.

मी वाकून मूठभर वाळू उचलली. अहमदीची वाळू फिकट, राखेसारखी. ही तांबूस होती. मी ती खाली टाकून हात पदराला पुसले आणि गाडीत जाऊन बसले.

कुवेतचा बाजार

जुना बाजार छपराखाली आहे, गल्लीगल्लीतून. आपला रुपया तिथे सर्रास चालतो आणि अर्धे दुकानदार मोडकं हिंदी बोलतात, त्यामुळे मला परकं वाटलं नाही. मसाल्यांच्या पलीकडे इराणी भाजीवाल्यांची गल्ली. तिथे एका म्हाताऱ्याच्या टोपलीत ओल्या गोणपाटाखाली देठांच्या जुड्या होत्या. पोरं त्या मिठाशी खात होती, आपल्याकडे कैरी खातात तशी. बुडाशी गुलाबी, वर हिरवी. अगदी वॉरनबाईंच्या भिंतीवरच्या चित्रातल्यासारखी.

म्हाताऱ्याने एक देठ सोलून माझ्या हातावर ठेवलं. कराकरा तुटलं, आंबट, मागे किंचित तुरट. त्याच्या मुलुखातल्या डोंगरांवर बर्फ वितळलं की उगवतं, शिडाच्या पडावातून इकडे येतं, दोन-तीन आठवडे मिळतं आणि संपतं, असं त्याने खुणा आणि हिंदी एकत्र करून सांगितलं. त्याच्या भाषेत रीवास. साहेबाच्या आईच्या परसातलं झाड चार वर्षं दर वसंतात इथे टोपलीत बसलेलं होतं, आणि मासळीबाजारापलीकडे न जाणाऱ्या हसनमियांना पत्ता नव्हता. ते मला एकदा म्हणालेही होते की ह्या दिवसांत भाजीचा बाजार बाई स्वतः करते, त्यांना पाठवत नाही. दुःखी बाई आहे, मन रमवायला जात असेल, असं मी तेव्हा धरून चालले. हुशार माणसाला डोळ्यांपुढचं दिसत नाही ते असं.

मी विकत आणलेल्या जुड्या पाहून हसनमियांनी एक देठ दाताखाली धरलं. डब्यातल्या रूबार्बची चव त्यांना ठाऊक होती. ते तिथेच पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. बाईंना आधी सांगू, असं ते म्हणाले. मी म्हटलं, नको. चार वर्षांचं देणं फिटतंय, एकदम समोर ठेवू, त्यांना केवढं बरं वाटेल. ही सगळी माझी कल्पना. कुणाच्या घरात पिंडाला कावळा शिवत नसला की आपल्याकडे नाही का एखादी अनुभवी बाई पुढे होते, इच्छा ओळखते आणि काम तडीस नेते. तसं मी पुढे झाले.

चार वाजता

बाई ग्रंथालयातून सव्वाचारला येत. आम्ही दोनपासून लागलो. देठांचे दोर मी काढले, ती साखर घालून बेताने शिजवली, लोण्यातली पारी हसनमियांनी लाटली. भट्टीतून जो वास आला तो मी पूर्वी कधी घेतला नव्हता, तरी कुणाच्या तरी घरचा वास आहे हे कळत होतं. चार वाजता हसनमियांनी मोठा तुकडा कापून तिसऱ्या बशीत ठेवला, कस्टर्ड ओतलं आणि चमचा उजवीकडे मांडला. खुर्चीवर रोजची वाळू होती. ती त्यांनी पुसली नाही.

त्यांनी हात पुढे धरून फातिहा म्हटला. मग मी हात जोडले आणि दहाव्याला बोलतात तसं स्पष्ट मराठीत बोलले, "वॉरनसाहेब, तुमचं राहिलेलं पोचलं. मागची काळजी करू नका. आता सुखाने जा."

आम्ही स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. बाहेर काहीच ऐकू आलं नाही. घड्याळाची टिकटिकसुद्धा थांबल्यासारखी वाटली, पण ते माझ्या कानांचंही असेल. दहा मिनिटांनी आम्ही चहाच्या खोलीत गेलो. पारीचा कोपरा चमच्याने मोडलेला होता. एक घास, जास्त नाही. आणि खुर्ची स्वच्छ होती. वाळूचा कण नव्हता, खाली सतरंजीवरही नव्हता. हसनमियांनी सीटवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि माझ्याकडे बघून लहान मुलासारखे हसले. निकाह, निकाह, एवढंच ते म्हणत होते. ते तसेच मागच्या दाराने नमाजाला गेले.

बाई आल्या तेव्हा खोलीत मी एकटीच होते. उंबऱ्यातच त्यांना वास आला आणि त्या थांबल्या. मी कौतुकाची वाट बघत उभी होते, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. त्या टेबलाशी आल्या. मोडलेला कोपरा बघितला. मग खुर्चीवर तळवा टेकवला आणि तो उलटा करून उजेडात बघितला. तळवा कोरा होता.

"कुठे मिळाला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. इराण्यांची गल्ली, म्हातारा, टोपली.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी पाहिला मी. दर वर्षी जाऊन बघते, कुणाच्या हाती लागत नाही ना म्हणून. कधी कधी सगळी टोपली विकत घेते आणि समुद्रात टाकते."

 मी म्हटलं, "पण त्यांची इच्छा राहिली होती."

"हो. म्हणून तर तो येत होता."

त्या समोर बसल्या, स्वतःच्या नेहमीच्या जागी, आणि त्यांनी चहा ओतला. माझ्या कपात, त्यांच्या कपात. तिसऱ्या कपावर किटली आली आणि मागे गेली. मी क्षमा मागितली, नीट इंग्रजीत, आणि ती मला स्वतःलाच फार हलकी वाटली. तुम्ही चांगल्या मनाने केलंत, असं त्या म्हणाल्या. त्यापेक्षा त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं तर बरं झालं असतं.

परत

हसनमियां माझ्याच बोटीने परतले. डेकवर ते सगळ्यांना रुकय्याच्या लग्नाचं सांगत होते, पदार्थांची यादी करत होते, एकही नकली नाही म्हणून हसत होते. निरोप देताना बाईचा चेहरा असा का झाला होता, हे त्यांनी मला एकदा विचारलं. सुटका झाली की माणूस तसं दिसतं, असं मी त्यांना सांगितलं. एका खोट्यापायी चार वर्षं अडकलेल्या माणसाला मी दुसरं खोटं सांगितलं, पण हे त्यांना पचेल. श्रीधरच्या पत्रात कळलं की बाई अजून तिथेच आहेत. रोज चहाला तिसरी बशी मांडतात, आणि ती खुर्ची नवीन नोकराला पुसू देत नाहीत. पुसण्यासारखं तिच्यावर आता काही नसतं.

भाद्रपदात ह्यांची तिथी आली. दिरांनी विधी केला, स्वयंपाक मी. वडे, खीर, भाज्या, चटण्या, सगळं साग्रसंगीत. ह्यांना लाल भोपळ्याचे घारगे जिवापाड आवडत. भोपळा मी आदल्या दिवशी आणून ठेवला होता. सकाळी तो उचलला, पुन्हा फडताळात ठेवला आणि दार लावून घेतलं.

कावळ्याचं पान गच्चीत ठेवलं. कावळा आला. पानाभोवती फिरला, वड्यापाशी चोच नेली आणि मागे घेतली. मग कठड्यावर बसून मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिला. वन्सं माझ्या मागे उभ्या होत्या. खाली सगळे जेवायचे खोळंबले होते.

"काहीतरी राहिलंय, वहिनी," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले.